दिवेलागणीला गाडीचा फोटो: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

कमी उजेडात गाड्यांचे फोटो काढायला शिकायचं असेल तर सगळ्यात आधी घड्याळ बघायला शिका. रात्री नऊ-दहाला कॅमेरा घेऊन बाहेर पडलं की आभाळ काळंकुट्ट, गाडी काळपट आणि मधोमध हेडलाईटचे दोन पांढरे डाग, असा फोटो हाती येतो. मग नवखा माणूस लेन्सला नाहीतर कॅमेऱ्याला नावं ठेवतो. पण गाडीचा रंगवलेला पत्रा आणि काचा मुळात आरशाचं काम करतात. गाडीचा आकार म्हणून आपल्याला जे दिसतं ते बरंचसं तिच्यावर पडलेलं प्रतिबिंब असतं. आभाळात थोडा उजेड शिल्लक असला की छतावर, बॉनेटवर, दाराच्या वरच्या कडेवर त्याची मऊ पट्टी उमटते आणि पत्र्याची वळणं डोळ्यांना कळतात. आभाळ विझलं की ती पट्टी गेली. मग कॅमेरा कितीही महागाचा असो.

म्हणून दिवेलागणीला पोचा. पुढे सांगितलेल्या सगळ्या आकड्यांपेक्षा ही गोष्ट जास्त कामाची आहे.

किती वाजता?

आपल्याकडे संधिप्रकाश फार लवकर ओसरतो. सूर्य मावळल्यापासून तो क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंतचा काळ महाराष्ट्रात जेमतेम २२ ते २५ मिनिटांचा असतो. लंडनसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात तोच पाऊण तासापर्यंत लांबतो. त्यामुळे परदेशी व्हिडिओ बघून ‘भरपूर वेळ आहे’ असं धरून चालाल तर फसाल. मुंबईत नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या आसपास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सात वीसच्या सुमारास. आपल्या गावची वेळ पंचांगात किंवा फोनवर बघून घ्या आणि त्याच्या अर्धा तास आधी जागेवर हजर राहा.

गाडी कुठे उभी करायची, ट्रायपॉड कुठे लावायचा, मागचा खांब गाडीच्या छतातून उगवल्यासारखा दिसतोय का, हे सगळं उजेड असताना उरकून घ्यायचं. खरे फोटो सूर्यास्तानंतर साधारण दहाव्या मिनिटापासून पंचविसाव्या मिनिटापर्यंत मिळतात. तेव्हा आभाळ गडद निळं असतं, रस्त्यावरचे दिवे लागलेले असतात आणि दोन्हींचा जोर जवळपास सारखा असतो. या काळात दर तीन-चार मिनिटांनी आभाळाचा उजेड निम्मा होत जातो, म्हणून एकदा ठरवलेलं सेटिंग पुढच्या फोटोला तसंच चालेल असं गृहीत धरू नका.

सामान

मॅन्युअल मोड (ज्यात सगळी सेटिंग आपण स्वतः ठरवतो) असलेला कुठलाही कॅमेरा चालेल. सोबत मिळणारी १८-५५ ची किट लेन्स सुरुवातीला पुरेशी आहे. ट्रायपॉड मात्र हवाच. हलका, डुगडुगणारा असेल तर त्याच्या मधल्या दांड्याला बॅग टांगा. एक छोटी टॉर्च, काच आणि पत्रा पुसायला मऊ कापड, रेडियम पट्ट्यांचं जाकीट. एवढ्यावर काम भागतं. पोलरायझर फिल्टर आत्ताच घेऊ नका. तो काचेवरची चमक कमी करतो खरा, पण दीड ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट होणं) उजेडही खातो, आणि संध्याकाळी आपल्याला तीच चमक हवी असते.

पहिला धडा: उभी गाडी

शिकायला आधी उभी गाडी घ्या. घरची, शेजारच्यांची, मित्राची बुलेट, काहीही. धावत्या गाडीच्या मागे पहिल्याच दिवशी लागलात तर काय चुकतंय तेच कळत नाही.

जागा मोकळी हवी. मैदानाची कडा, सुट्टीच्या दिवशीचा रिकामा पार्किंग लॉट, गावाबाहेरचा जुना रस्ता. आजूबाजूला पाट्या, टपऱ्या, झाडं जितकी जास्त तितकी प्रतिबिंबं चिरफाळलेली. आता दिशा ठरवा. तुमची पाठ पश्चिमेला असेल तर मावळतीचा उरलासुरला उजेड गाडीच्या तुमच्याकडच्या बाजूवर पडतो आणि मागे पूर्वेचं गडद निळं आभाळ येतं. शिकणाऱ्यासाठी ही मांडणी सगळ्यात सोपी. तोंड पश्चिमेला केलंत तर मागचं आभाळ पेटलेलं दिसतं, बॉनेट आणि छत चमकतं, पण दारं काळोखात जातात. तो फोटो सुंदर होऊ शकतो, पण जरा हात बसल्यावर.

गाडी अशी उभी करा की पुढचा भाग आणि एक बाजू दोन्ही दिसतील. पुढची चाकं थोडी वळवा, म्हणजे टायरचा काळा पट्टा दिसण्याऐवजी रिम कॅमेऱ्याकडे येईल. कॅमेरा हेडलाईटच्या उंचीवर आणा, म्हणजे बसून किंवा गुडघे टेकून. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेली गाडी बुटकी दिसते. झूम ३५ ते ५५ च्या दरम्यान ठेवा आणि पावलांनी मागे सरका. १८ वर जवळून काढलंत तर पुढचं नाक फुगतं आणि डिकी आकसते.

आता व्ह्यूफाइंडरमधून गाडीकडे न बघता गाडीवर काय दिसतंय ते बघा. दारात तुमचे पाय दिसतात का? बंपरमध्ये ट्रायपॉड? मागच्या इमारतीची ट्यूबलाईट मागच्या दारावर आडवी पडली आहे का? गाडी अर्धा फूट पुढे-मागे घेतली किंवा तुम्ही एक पाऊल सरकलात की यातलं बरंच नाहीसं होतं. ही सवय लागायला वेळ लागतो, पण चांगला आणि साधारण फोटो यांत सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. माझं मत विचाराल तर पहिले काही दिवस कॅमेरा घरी ठेवून नुसतं गाडीभोवती फिरावं. प्रत्येक पावलागणिक पत्र्यावरची उजेडाची रेघ कशी सरकते ते बघत राहावं.

आकडे

आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील आहे ते) १००, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडं आहे ते) एफ/८. या दोन गोष्टी बांधून ठेवा आणि फक्त शटर, म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यायचा ते, बदलत राहा. सूर्यास्तानंतर पंधराव्या मिनिटाला साधारण अर्धा ते एक सेकंद, नंतर दोन, चार, आठ असं वाढत जाईल. ट्रायपॉडवर असताना लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद करा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा, कारण बटण दाबताना बोटाचाही धक्का बसतो. फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा. गाडीचं इंजिन बंद आणि आत कुणीही बसलेलं नको. आतल्या माणसाने नुसती कूस बदलली तरी गाडी स्प्रिंगवर हलते आणि चार सेकंदांच्या फोटोत आरशाच्या कडा दुहेरी येतात.

फोकसचा नवख्यांना फार त्रास होतो. अंधारात ऑटोफोकस पुढे-मागे चाचपडत राहतो, कारण त्याला पकडायला ठळक कड लागते. गुळगुळीत दारावर फोकस बिंदू ठेवलात तर त्याला कड मिळणारच कशी? हेडलाईटच्या काचेची कड, कंपनीचं चिन्ह किंवा नंबरप्लेटवरचा एखादा आकडा निवडा, टॉर्चचा उजेड क्षणभर टाका, फोकस लागला की लेन्सवरचं बटण मॅन्युअलवर सरकवा आणि पुन्हा रिंगला हात लावू नका. स्क्रीनवर दहापट मोठं करून एकदा खात्री करा.

कॅमेऱ्याच्या स्क्रीनचा उजेड कमी करून ठेवा. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना फोटो आहे त्याहून उजळ दिसतो, आणि घरी कॉम्प्युटरवर तोच काळा निघतो. हिस्टोग्रामवर (फोटोतला उजेड-अंधार दाखवणाऱ्या आलेखावर) भरवसा ठेवा.

काळीपिवळीचं उदाहरण

मुंबईत राहत असाल तर सरावासाठी काळीपिवळी टॅक्सीइतकी चांगली शिक्षिका नाही. प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, आता त्याच रंगात छोट्या हॅचबॅक दिसतात, पण रंगसंगतीची अडचण तीच आहे. वर पिवळं छत, खाली काळं अंग. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर काळ्या अंगाकडे बघून ‘फार अंधार आहे’ असं समजतो आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतलेला उजेड, वाढवतो. काळा करडा होतो आणि पिवळं छत फटफटीत पांढरट. म्हणून मीटर सांगेल त्यापेक्षा एक स्टॉप कमी घ्या. छताचा पिवळा जिवंत राहतो, आणि काळ्या दारावर आभाळाची निळी रेघ असेल तर गाडी आपोआप अंधारातून वेगळी निघते. ती रेघ नसेल तर जागा बदला, सेटिंगशी झटापट करून ती येत नाही. पांढऱ्या गाडीला उलटा हिशोब: तिला थोडं वाढवून घ्यावं लागतं, नाहीतर ती राखाडी दिसते.

वरच्या दिव्यांचा रंगही बघा. जुने पिवळे सोडियमचे दिवे इतक्या अरुंद रंगाचा उजेड देतात की त्याखाली लाल गाडी तपकिरी दिसते, आणि मागाहून व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांचा तोल) कितीही फिरवला तरी तो लाल रंग पुरता परत येत नाही. एलईडी दिव्यांखाली ही अडचण बरीच कमी. मरीन ड्राइव्हला २०१५ मध्ये पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा राणीचा हार (तिथल्या दिव्यांची रांग) फिका पडला म्हणून केवढी ओरड झाली होती आणि पुन्हा पिवळसर छटेचे दिवे आणावे लागले. दिव्याचा रंग बदलला की शहराचा चेहरा बदलतो, तसंच गाडीचं होतं.

गाडीचे दिवे आणि टॉर्च

हेडलाईट पूर्ण लावून चार-आठ सेकंदांचा फोटो काढलात तर पुढचा भाग जळून जातो. फक्त पार्किंग लाईट लावा. हेडलाईट हवेच असतील तर एक साधी युक्ती आहे: आठ सेकंदांचं शटर उघडल्यावर मित्राने बाहेरून, काचेतून हात घालून, एक सेकंद दिवे लावून बंद करायचे. दिव्याची तार, आतला कप, सगळं नीट येतं. एफ/११ किंवा एफ/१६ ला दिव्यांभोवती किरणं फुटतात. ॲपर्चरच्या पात्या सम असतील तर तेवढीच, विषम असतील तर दुप्पट.

आभाळ पूर्ण विझल्यावरही काम थांबवायची गरज नाही. मग टॉर्चने गाडी ‘रंगवता’ येते. अगदी अंधारी जागा, आयएसओ १००, एफ/८, तीस सेकंद. टॉर्चच्या तोंडाला ट्रेसिंग पेपर किंवा पांढरं सुती कापड बांधा, नाहीतर पत्र्यावर ठिपके ठिपके उमटतात. गडद कपडे घाला. शटर उघडल्यावर गाडीच्या पलीकडून, टॉर्च छताच्या वर धरून, डिकीपासून बॉनेटपर्यंत एका चालीत जा. थांबलात तर तिथे डाग पडतो. टॉर्चचं तोंड कॅमेऱ्याकडे वळू देऊ नका. एका फोटोत सगळं साधत नाही, तो अट्टहासही नको. एक फोटो फक्त छताचा, दुसरा बाजूचा, तिसरा चाकांचा असे काढा आणि जिंपसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक ठेवून लायटन मोड लावा. तो प्रत्येक ठिकाणचा जास्त उजळ भाग ठेवतो आणि बाकीचा सोडतो. त्यासाठी सगळ्या फोटोंमध्ये कॅमेरा केसभरही हलता कामा नये.

नंबरप्लेटपासून सांभाळा. आपल्या हाय सिक्युरिटी प्लेटा, तशाच ट्रकच्या मागच्या रेडियम पट्ट्या, उजेड जिथून आला तिथेच परत फेकतात. टॉर्च किंवा फ्लॅश लेन्सच्या शेजारी असेल तर प्लेट पांढरीफटक येणार. उजेड बाजूने आणलात की हा प्रश्न येत नाही.

धावती गाडी

आता पॅनिंग, म्हणजे धावत्या गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढणं. वळणाच्या जवळची, दिव्यांनी उजळलेली जागा निवडा आणि फुटपाथवर, कठड्याच्या आत उभे राहा. ताशी ४० किलोमीटरने जाणारी रिक्षा १/३० सेकंदात साधारण ३७ सेंटिमीटर पुढे जाते. कॅमेरा स्थिर असेल तर एवढी फरफट होते. तोच कॅमेरा रिक्षाबरोबर फिरवलात तर रिक्षा स्पष्ट आणि मागची दुकानं रेघांमध्ये विरघळतात. शटर १/३०, ॲपर्चर लेन्स जितकं उघडेल तितकं, आयएसओ १६०० ते ३२००. पाय गाडी जिथे टिपायची तिकडे रोखून ठेवा, कंबरेतून वळून येणाऱ्या गाडीला लांबूनच पकडा, ती समोर येईपर्यंत त्याच गतीने वळत राहा, बटण दाबल्यावरही थांबू नका. सलग फोटोंचा मोड लावा. दहांत एक बरा निघाला तरी खूश व्हा. हात बसला की १/१५ वर या.

आयएसओ वाढवायला घाबरू नका. कमी आयएसओवर काळा फोटो काढून घरी उजळ करण्यापेक्षा जागेवरच ३२०० ला नीट उजेड घेतलेला फोटो जवळपास नेहमी स्वच्छ असतो.

बस टिपताना मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. बेस्ट असो की एसटी, एलईडीच्या पाटीवरची अक्षरं एकदम पेटलेली नसतात, ओळीओळीने फार वेगाने उघडझाप करत असतात. १/५०० ला टिपलीत तर ‘स्वारगेट’चं अर्धंच नाव येतं. १/५० किंवा त्याहून संथ शटर ठेवा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे रस्त्यावरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, तिथेही १/५० आणि १/१०० हेच आकडे कामी येतात.

एसटीबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण दिवेलागणीला स्टँडवर उभी असलेली लालपरी हा माझ्या लेखी महाराष्ट्रातला सगळ्यात देखणा विषय आहे. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झालेली ही सेवा आजही संध्याकाळी गावोगावी तशीच लगबग घेऊन येते. आतले दिवे लागलेले, खिडक्यांत चेहरे, दारात गर्दी, वर निळं आभाळ. आतला आणि बाहेरचा उजेड सारखा होण्याची वेळ जेमतेम दहा मिनिटं टिकते. बस फलाटाला लागली की ट्रायपॉड न लावता भिंतीला किंवा खांबाला टेकून १/८ सेकंदाचे चार-पाच फोटो घ्या. बस स्थिर येते, चढणारे प्रवासी पुसट होतात, आणि ती घाई फोटोत उतरते. आधी वाहतूक नियंत्रकांच्या खिडकीशी जाऊन विचारा. चालक-वाहकांना ‘दादा, गाडीचा एक फोटो घेऊ का?’ एवढं म्हटलं तरी बहुतेक जण हसून आतले दिवे लावून देतात.

दिव्यांच्या रेघा

पादचारी पुलावरून खालच्या रस्त्याचा फोटो, हा प्रकार दिसतो अवघड आणि असतो सोपा. आयएसओ १००, एफ/११, दहा ते पंधरा सेकंद. सिग्नल हिरवा होतानाच शटर उघडा, म्हणजे गाड्यांचा पूर्ण लोंढा चौकटीत येतो. आपण डावीकडून चालतो, म्हणून डाव्या हाताला दूर जाणाऱ्या गाड्यांचे लाल दिवे आणि उजवीकडे येणाऱ्यांचे पांढरे. मोटरसायकलची एकच रेघ, कारच्या दोन, बसची उंचावरून जाणारी, इंडिकेटर लावला असेल तर तुटक नारिंगी ठिपके. पूल जड गाडी गेली की थरथरतो. जिन्याच्या किंवा खांबाच्या जवळ ट्रायपॉड लावलात तर थरथर कमी जाणवते. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (लांब वेळेच्या फोटोतले दाणे कमी करणारी सोय) चालू असेल तर पंधरा सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी पंधरा सेकंद अडकून बसतो. बिघडला समजून बॅटरी काढू नका, आणि संध्याकाळ निसटत असताना तो पर्याय बंदच ठेवा.

पावसाळ्यात हे सगळं दुप्पट खुलतं. ओला डांबरी रस्ता प्रत्येक दिव्याची खाली एक प्रत काढतो. छत्री धरायला कुणीतरी सोबत न्या आणि दर फोटोनंतर लेन्सवरचा थेंब बघा.

फक्त फोन असेल तर? उभ्या गाडीला नाइट मोड छान चालतो, कारण तो अनेक फोटो जोडून एक बनवतो. धावत्या गाडीला तो बंद करा आणि प्रो मोडमध्ये शटर १/३० ठरवून पॅन करा. अगदी रुंद कोनाची लेन्स टाळा. तिचा सेन्सर लहान असतो आणि गाडीही वेडीवाकडी दिसते.

जिथे जाऊ नये, जे करू नये

धावत्या गाडीवर फ्लॅश कधीही मारू नका. चालकाचे डोळे दिपतात, दुचाकीवाला तर पडूही शकतो. एक्सप्रेस वेवर आणि सागरी सेतूवर फोटोसाठी थांबता येत नाही. सेतू हवा असेल तर वांद्रे किंवा वरळीच्या किनाऱ्यावरून घ्या. रेल्वे स्थानकात आणि लष्करी हद्दीजवळ परवानगीशिवाय ट्रायपॉड उघडू नका. घाटात वळणाच्या आतल्या बाजूला उभं राहू नका, समोरच्याला तुम्ही दिसत नाही. रेडियमचं जाकीट घाला आणि एकट्याने जाऊ नका: तुमचा डोळा कॅमेऱ्याला असताना रस्त्याकडे बघणारा कुणीतरी हवा. अनोळखी गाडीचा फोटो टाकताना नंबर झाका.

घरी आल्यावर फार खेळत बसू नका. आधी व्हाइट बॅलन्स, मग गाडीचा सगळ्यात उजळ भाग जळला असेल तर हायलाइट खाली, आणि सावल्या थोड्याच वर. सावल्या फार उचलल्या की रात्र नाहीशी होते आणि दाणे दिसू लागतात. दारावरच्या त्या निळ्या रेघेला शेवटी थोडासा कॉन्ट्रास्ट द्या. फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात पुन्हा उघडून बघा, आणि गडद वाटला तर तेव्हा दुरुस्त करा.